डीव्हीडीचा तुकडा आणि बारीक फट: घरी करायचा कागदी स्पेक्ट्रोमीटर

सोसायटीच्या जिन्यातली जुनी ट्यूबलाइट पांढरी, घरातला एलईडी बल्बही पांढराच. डोळ्याला यापलीकडे काही कळत नाही. पण हाच उजेड बारीक फटीतून आत घेऊन रंगारंगांत पसरवला, की ट्यूबचे सुटेसुटे रंगीत पट्टे होतात आणि एलईडीचा सलग रंगपट्टा दिसतो. उजेडाची अशी फोड करून दाखवणारं साधन म्हणजे स्पेक्ट्रोमीटर, मराठीत वर्णपटमापी. प्रयोगशाळेतला स्पेक्ट्रोमीटर महाग असतो. पण एक काळा कार्डशीट, एक डीव्हीडी, एक दाढीचं ब्लेड आणि मोबाइल एवढ्यावर जो तयार होतो, तो एक-दोन नॅनोमीटरपर्यंत (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) रंग वेगळे करू शकतो. अट एकच, फट नीट हवी. बाकी चुका सावरता येतात. फट जाड किंवा वाकडी झाली तर मात्र पुढची सगळी मेहनत वाया जाते.

डीव्हीडीच का?

उजेडाचे रंग वेगळे करणारी जाळी, म्हणजे ग्रेटिंग, कारखान्याने आपल्यासाठी आधीच बनवून ठेवली आहे. डीव्हीडीवर आतून बाहेर जाणारा एक सर्पिलाकार चर असतो. त्याच्या शेजारशेजारच्या वेढ्यांत ०.७४ मायक्रोमीटर, म्हणजे ७४० नॅनोमीटर अंतर असतं. एका मिलिमीटरात साधारण १३५० चर बसतात. सीडीवर हेच अंतर १.६ मायक्रोमीटर असतं, म्हणून तिथे मिलिमीटरला ६२५च चर मिळतात आणि रंग निम्म्याहून कमी पसरतात. सीडी चालते, पण डीव्हीडी मिळत असेल तर तीच घ्यावी.

चरांमुळे रंग वेगळे का होतात, हे लेझीमवरून समजून घेता येतं. एका लांब रांगेत, सारख्या अंतरावर लेझीमवाले उभे आहेत आणि सगळे एकाच तालावर ठोका देतात. तुम्ही रांगेच्या अगदी समोर, दूरवर उभे असाल तर सगळ्यांचा आवाज एकत्र येतो. बाजूला सरकलात की प्रत्येक पुढच्या खेळाडूचा आवाज किंचित उशिरा पोचतो आणि ताल विस्कटतो. पण आणखी सरकत गेलात तर अशी एक जागा येते, की प्रत्येकाचा आवाज शेजाऱ्याच्या आवाजापेक्षा बरोबर एका ठोक्याने मागे राहतो. तिथे ताल पुन्हा जुळतो आणि आवाज खणखणीत येतो. ताल जलद असेल तर ही जागा लवकर येते, संथ असेल तर आणखी बाजूला जावं लागतं. निळा उजेड म्हणजे जलद ताल, तरंगलांबी (उजेडाच्या लाटेच्या दोन शिखरांतलं अंतर) साधारण ४५० नॅनोमीटर. लाल म्हणजे संथ, ६५०च्या आसपास. म्हणून निळा कमी वळतो आणि लाल जास्त.

आपल्या रचनेत उजेड डीव्हीडीच्या तुकड्यावर ४५ अंशांत येतो आणि मोबाइल तुकड्याला सपाट टेकून सरळ त्यातून बघतो. ४५ अंशांचा साइन ०.७०७. त्याला चरांमधल्या ७४० नॅनोमीटर अंतराने गुणलं, की एका चराचा उजेड शेजारच्यापेक्षा किती मागे राहतो ते मिळतं: ५२३ नॅनोमीटर, म्हणजे हिरवा. याचा अर्थ मोबाइलच्या चित्रात बरोबर मध्यभागी हिरवा येणार, एका बाजूला निळा-जांभळा आणि दुसरीकडे पिवळा-लाल. नळीचं टोक ४५ अंशांतच तिरकं का कापायचं, त्याचं उत्तर हे आहे.

सामान

ए-४ आकाराचा काळा कार्डशीट, शक्यतो मॅट. चकचकीत काळा कागद दिसायला चांगला असला तरी आतल्या आत उजेड परतवतो. एक कोरी, लिहिता येणारी डीव्हीडी. हिची मागची बाजू जांभळट असते. दुहेरी धारेचं दाढीचं ब्लेड, काळी इन्सुलेशन टेप, काळ्या वेल्वेट पेपरचा ४ बाय ६ सेमीचा तुकडा, पट्टी, गुण्या आणि कटर. कागद आणि वेल्वेट पेपर मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर मिळतात, पण घराखालच्या स्टेशनरीवाल्याकडेही बहुधा असतातच. कोरी डीव्हीडी आता कोपऱ्यावरच्या दुकानात सहसा नसते, त्यासाठी लॅमिंग्टन रोड गाठावा. कपाटातली जुनी डीव्हीडी वापरणार असाल तर तिच्यावर घरातल्या लग्नाचं शूटिंग नाही ना, हे आधी बघा. एकदा कापली की ती गेलीच.

नळी

कार्डशीटवर १७ सेमी रुंद आणि १८ सेमी लांब आयत आखा. रुंदीवर चार-चार सेमीच्या चार पट्ट्या आणि शेवटी १ सेमीची चिकटपट्टी. पहिली पट्टी पूर्ण १८ सेमी लांब राहील. तिसरी १४ सेमीची. दुसरी आणि चौथी या दोघींना जोडणाऱ्या, म्हणून त्यांचं एक टोक तिरकं कापायचं: दुसरी १८वरून १४वर उतरते, चौथी १४वरून १८वर चढते. चार सेमी रुंदीत चार सेमीचा उतार, म्हणजे आपोआप ४५ अंश. कोनमापकाची गरजच नाही. घडीच्या रेषांवर पट्टी ठेवून रिकाम्या बॉलपेनने दाब द्या, मग घडी सरळ पडते. चिकटवण्याआधी लांब पट्टीच्या आतल्या बाजूला, तिरक्या टोकाकडून ६ सेमीपर्यंत वेल्वेट पेपर लावा. मोबाइलचा कॅमेरा नेमका याच भागाकडे तोंड करून बसणार आहे, रंगपट्टा याच पार्श्वभूमीवर दिसणार आहे. इथे राखाडी चमक राहिली तर फिके पट्टे तिच्यात बुडून जातात.

नळी चिकटवली की सरळ टोकाला ४ बाय ४ सेमीचं चौकोनी तोंड आणि तिरक्या टोकाला ४ बाय ५.७ सेमीचं तोंड तयार होतं. उरलेल्या कागदातून दोन झाकणं कापा: एक ६ बाय ६ सेमीचं आणि एक ६ बाय ७.७ सेमीचं. दोन्हींच्या चारही बाजूंना १ सेमी दुमडण्यासाठी ठेवा. सगळं एकाच ए-४मध्ये बसतं.

फट

चौकोनी झाकणाच्या मध्यभागी १५ बाय ५ मिमीची खिडकी कापा. खिडकीची लांब बाजू नळीच्या लांब पट्टीच्या कडेला समांतर हवी. हे चुकलं तर फट आणि चर एकमेकांना काटकोनात येतात आणि रंगांचा पट्टा न दिसता नुसता रंगीत डाग दिसतो.

आता ब्लेड. ते त्याच्या कागदी वेष्टनातच ठेवून लांबीच्या दिशेने मधोमध दुमडा, कट्कन दोन तुकडे होतात. वेष्टन काढून हे करू नये, कारण तुटताना तुकडा उडतो. लहान मुलं असतील तर हे काम मोठ्यांनीच करावं. एक तुकडा खिडकीच्या मध्यावर धार आत करून टेपने चिकटवा. दुसरा त्याच्या समोर धारेला धार भिडवून ठेवायचा आहे, आणि मधलं अंतर मोजायला झेरॉक्सचा कागद वापरायचा. या कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी असते. दुहेरी दुमडलेली पट्टी दोन धारांमध्ये उभी धरा, दुसरं ब्लेड तिला हलकेच टेकवा, टेप लावा आणि कागद ओढून काढा. ०.२ मिमीची, दोन्ही टोकांना सारखी फट मिळते. डोळ्याच्या अंदाजाने लावलेली फट बहुतेक वेळा एका टोकाला रुंद आणि दुसरीकडे अरुंद होते. मग पट्टे पाचरीसारखे दिसतात.

०.२चा एवढा आग्रह का, ते आकड्यांत बघा. फटीपासून ग्रेटिंगपर्यंत १६ सेमी अंतर आहे. या अंतरावर ०.२ मिमीची फट रंगाला जेमतेम ०.६५ नॅनोमीटर पुसट करते. फट १ मिमीची असेल तर सव्वातीन नॅनोमीटर. ट्यूबलाइटच्या हिरव्यात दोन रेषा असतात, एक ५४२च्या आसपास आणि एक ५४६वर. १ मिमीच्या फटीत त्या एकमेकींत मिसळून एकच जाड हिरवा पट्टा होतो, ०.२मध्ये दोन दिसतात. फट ०.१पेक्षा अरुंद करण्यात मात्र फायदा नाही: उजेड कमी होतो, मोबाइल चित्र दाणेदार करतो आणि धारेवरचा धुळीचा एकेक कण रंगपट्ट्यावर काळी रेघ ओढतो. रंगपट्ट्याच्या लांबीभर धावणाऱ्या अशा बारीक काळ्या रेघा दिसल्या तर त्या उजेडात नाहीत, फटीत धूळ आहे.

मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, ब्लेडची धार काही दिवसांतच गंजते. फट बनवून झाल्यावर धारेवर मशीन ऑइलचं बोट अगदी पुसटसं फिरवा आणि न वापरताना उपकरण झिप असलेल्या पिशवीत ठेवा. कार्डशीटही ओल धरतो आणि घड्या सैल पडतात, म्हणून बाहेरच्या सगळ्या जोडांवर टेप हवीच.

ग्रेटिंग

डीव्हीडी म्हणजे प्रत्येकी ०.६ मिमीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. मोठ्या कात्रीने तिची एक फोड कापा (डोळ्यांवर चष्मा असू द्या, कडा तडकून उडतात), मग कडेत नख किंवा कटरचं टोक घालून दोन्ही थर हळूहळू अलग करा. चंदेरी थर एका चकतीबरोबर जातो. आपल्याला हवी ती दुसरी, पारदर्शक, जांभळट झाक असलेली. चर तिच्यावर आहेत. जांभळा रंग हा लिहिण्यासाठी लावलेला डाय असतो. तो हँड सॅनिटायझर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन काढा. नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको. त्यात बहुधा अॅसिटोन असतं आणि ते चकतीच्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकला पांढुरकं करून टाकतं. कापडाने घासू नका, द्रव ओता, निथळू द्या, कडेला धरून वाळवा. चरांच्या बाजूवर बोटाचा ठसा उमटला की तेवढ्या जागी रंग धुरकट होतात.

तुकडा डीव्हीडीच्या बाहेरच्या कडेजवळून १.५ सेमी चौरसाचा घ्या. आतल्या वर्तुळांत चर जास्त वाकलेले असतात, तिथल्या तुकड्यातून सरळ रेषाही वाकड्या दिसतात. चरांची दिशा ओळखायला तुकड्यातून लांबच्या एखाद्या बल्बकडे बघा: ज्या दोन बाजूंना इंद्रधनुष्य दिसतं, चर त्या दिशेला काटकोनात असतात.

तिरक्या झाकणाच्या मध्यावर ८ मिमीचं भोक पाडा, आतून तुकडा टेपच्या चार ठिपक्यांनी तात्पुरता लावा. चर फटीला समांतर. पक्कं चिकटवण्याआधी ट्यूबलाइटकडे फट करून भोकातून डोळा लावून बघा. रंगपट्टा काटकोन चौकोन दिसला पाहिजे, त्यातल्या रेषा पट्ट्याला अगदी आडव्या. चौकोन तिरका, पतंगासारखा झुकलेला दिसला तर तुकडा एक-दोन अंशांनी फिरवा. इथे दहा मिनिटं घालवली तर पुढे तासभर वाचतो.

अंधाराची परीक्षा

फट बोटाने झाका आणि उजेडाच्या खोलीत भोकातून बघा. आत काळोख हवा. कुठे कोपऱ्यातून उजेड झिरपत असेल तर टेप. ही परीक्षा वगळली, की मग फोटोत रंगपट्ट्यावर राखाडी धुकं येतं आणि दोष उगाच मोबाइलला दिला जातो.

मोबाइलचं कव्हर काढा, मुख्य कॅमेरा भोकावर ठेवा. हल्लीच्या मोबाइलमध्ये जवळची वस्तू दिसली की तो आपणहून दुसऱ्या भिंगावर उडी मारतो आणि चित्र एकदम काळं होतं. सेटिंगमध्ये मॅक्रो किंवा ऑटो लेन्स बंद करा. प्रो मोड असेल तर उत्तम: एचडीआर आणि नाइट मोड बंद, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर पक्का, आयएसओ १०० ते ४००, शटर १/५०. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर फार जलद ठेवलं तर त्या लुकलुकीच्या सावल्या चित्रात येतात. फोकस एखाद्या ठळक रेषेवर बोट टेकवून पक्का करा. रेषा पांढऱ्या पडत असतील तर उजेड जास्त होतोय, एक्सपोझर उतरवा.

मोजपट्टी

रंग दिसला म्हणजे स्पेक्ट्रोस्कोप झाला. आकडा वाचता आला की तो स्पेक्ट्रोमीटर. त्यासाठी ट्यूबलाइट किंवा सीएफएलसारखा सोयीचा दिवा नाही, कारण तिच्यात पारा असतो आणि पाऱ्याच्या रेषा ठरलेल्या जागीच येतात: निळी ४३५.८ आणि हिरवी ५४६.१ नॅनोमीटर. सीएफएल आता घरातून गेले असतील तर विजेच्या सामानाच्या लोहार चाळीत विचारा किंवा जिन्यातल्या ट्यूबखाली उभं राहा.

फोटो उघडून दोन्ही रेषांचे पिक्सेल क्रमांक वाचा. समजा निळी १२१२ पिक्सेलवर आहे आणि हिरवी १६६८वर. फरक ४५६ पिक्सेल, आणि तरंगलांबीतला फरक ११०.३ नॅनोमीटर. म्हणजे एका पिक्सेलला ०.२४२ नॅनोमीटर. आता पडताळा. ट्यूबच्या लेपातल्या युरोपियम या मूलद्रव्यामुळे एक ठळक नारिंगी-लाल रेषा ६११च्या आसपास असते. हिशोबाने ती १९३६च्या जवळ यायला हवी. ती दहा-बारा पिक्सेल इकडेतिकडे निघाली तर ठीक आहे, कॅमेऱ्याचं भिंग कडेला रंगपट्टा थोडा ताणतं आणि दोन-तीन नॅनोमीटरचा फरक तिथूनच येतो. पंचवीसेक पिक्सेल चुकली तर तुम्ही चुकीची हिरवी रेषा धरली आहे. ५४२ची धरलीत का ते बघा. मोबाइल जरा हलला तरी मोजपट्टी सरकते, म्हणून प्रत्येक वेळी मोबाइल लावल्यावर आधी ट्यूबचा फोटो, मग हव्या त्या दिव्याचा.

या उपकरणावर रेषेच्या जागेसाठी विश्वास ठेवा, तेजासाठी नको. मोबाइलचा सेन्सर हिरव्याला जास्त दाद देतो, पिवळ्यात आणि निळ्या-हिरव्याच्या सांध्यावर कमी. शिवाय तो चित्र आपल्या मर्जीने उजळवतो. ‘अमुक बल्बमध्ये लाल ३० टक्के’ असं विधान या फोटोवरून करता येत नाही.

काय काय बघायचं

पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा उंचवटा, त्यानंतर एक मंद दरी आणि मग हिरव्यापासून लालपर्यंत पसरलेली सलग टेकडी दिसते. निळा मूळ एलईडीचा, टेकडी तिच्यावरच्या पिवळ्या लेपाची. तारेचा पिवळा बल्ब, देवघरातला छोटा असला तरी, अखंड रंगपट्टा देतो. मिठाच्या पाण्याचे दोन थेंब गॅसच्या ज्योतीवर पडले की क्षणभर सोडियमची पिवळी रेषा ५८९वर उजळते. कागदी नळी ज्योतीपासून हातभर तरी लांब ठेवा आणि खोली अंधारी करा. २०१५मध्ये मरीन ड्राइव्हचे सोडियम दिवे जाऊन एलईडी आले, पण एखाद्या जुन्या गल्लीत किंवा गोदामाबाहेर सोडियमचा नारिंगी दिवा अजून सापडतो. त्याच्यात गंमत अशी, की ५८९ची जागा नेमकी काळी असते आणि तिच्या दोन्ही बाजू उजळ. दिव्याच्या कडेचं थंड सोडियम आतल्या सोडियमचाच तो रंग गिळून टाकतं.

सूर्याकडे नळी कधीही रोखू नका. डोळा लावून तर नाहीच. उन्हात पांढरा कागद ठेवा आणि त्याच्याकडे फट करा, किंवा नुसत्या निळ्या आकाशाकडे. इंद्रधनुष्यावर बारीक काळ्या रेषा दिसतील: ४८६ला हायड्रोजन, ५१७-५१८ला मॅग्नेशियम, ५८९ला सोडियम, ६५६ला पुन्हा हायड्रोजन. ६८७ची रेषा सूर्याची नाही, आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनची. १८१४मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्राउनहोफरने अशा शेकडो रेषा नोंदवल्या. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने गुंटूरहून सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट घेतला. त्या ग्रहणाची आठवण म्हणून विजयदुर्गावर चौथरे दाखवतात आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरचं नाव त्यांच्याशी जोडतात. लॉकियरने मात्र आपलं निरीक्षण ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून केलं. सूर्याच्या ज्वाळांतली एक पिवळी रेषा सोडियमची नाही, हे तेव्हा कळलं आणि त्यातून हेलियमचा शोध लागला. ती रेषा ५८७.६वर आहे, सोडियमची ५८९वर. दीड नॅनोमीटरहूनही कमी फरक. १ मिमीच्या फटीत तो दिसलाच नसता.

काळ्या रेषा दिसत नसतील तर शंभरातल्या नव्वद वेळा फट रुंद असते, उरलेल्या वेळी फोकस चुकलेला असतो.

स्वयंपाकघरातली दोन द्रावणंही करून बघा. चिमूटभर हळद आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ढवळून गाळून घ्या, काचेच्या छोट्या बाटलीत भरून ती फटीसमोर धरा आणि मागे तारेचा बल्ब लावा. निळा-जांभळा भाग नाहीसा होतो, कारण हळदीतलं कुरक्युमिन तोच गिळतं. पालकाची तीन-चार पानं त्याच अल्कोहोलमध्ये कुस्करून गाळली तर निळ्याबरोबरच लालमध्येही, ६६५च्या आसपास, एक काळा पट्टा पडतो. इथे एलईडी टॉर्च वापरली तर हा पट्टा नीट उठत नाही, तिच्यात इतका गडद लाल मुळातच कमी असतो. द्रावण फार गडद असेल तर सगळंच काळं होतं. बाटलीतून पलीकडचा बल्ब स्पष्ट दिसेल इतकं पातळ करा. मग तीच बाटली अंधारात ठेवून बाजूने निळ्या एलईडीचा उजेड टाका. हिरवं द्रावण गडद लाल चमकू लागतं, आणि नळी तिच्यासमोर धरली की त्या लालचा पट्टा ६७०-६८०च्या आसपास, मघाच्या काळ्या पट्ट्याला अगदी लागूनच दिसतो.